चक्कीपर्यंत पायी

घरं एकशे बारा. विहिरी तीन. दुकानं अकरा, अकराही उघडी, वजनकाटे टांगलेले, माल मांडलेला. दोरीवर वाळत घातलेले कपडे सव्वीस. कुत्री चार, चारही झोपलेली. एकोणीस घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. झाडं दोनशेच्या वर गेल्यावर तिने मोजायचं सोडून दिलं. आणि भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, माणूस एकही नव्हता.

तिने पुन्हा एकदा सगळं गाव पालथं घातलं. या वेळी घराघरांत शिरून, कपाटांमागे डोकावून. अंथरुणं घातलेली होती, चुलीवर भांडी होती. माणूस नव्हता.

हे गाव पडद्यावरचं होतं, आणि त्यातलं घड्याळ तिने बारावर थांबवून ठेवलं होतं. राजे, राक्षस आणि जादूच्या तलवारी असलेली एक गेमची मालिका होती, तिचा चौथा भाग तयार होत होता, आणि तो खेळून त्यातल्या चुका काढणं हे तिचं काम होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आठ महिन्यांपूर्वी ती या कंपनीत लागली. पहिल्याच आठवड्यात तिने राजवाड्याचं दार मोजलं आणि राजाला स्वतःच्या घरात वाकून शिरावं लागतं हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून ऑफिसात तिचं नाव 'मोजपट्टी' पडलं ते पडलंच.

आज मात्र तिचं मोजण्यात लक्ष नव्हतं. सकाळच्या मीटिंगमधलं हसू अजून कानात घुमत होतं.

मीटिंगमध्ये साहेबांनी हेच गाव मोठ्या पडद्यावर लावलं होतं. साहेब म्हणजे या सगळ्या गेमचे सर्वेसर्वा. त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली आणि विचारलं, "काय गावकरी, तुझी माणसं सामुदायिक रजेवर गेलीत का?"

सगळी खोली हसली. 'गावकरी' म्हणजे तिचा मावसभाऊ, तिचा दादा. पहिल्या भागापासून गेममधल्या साध्या माणसांचे दिनक्रम तो लिहायचा. कोण कधी उठतो, कुठे जातो, कुणाशी भांडतो, कुणाच्या दारावरून जाताना मान खाली घालतो. अशी चारशे बारा माणसं त्याच्या हातची होती. तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

"गुरुवारी प्रकाशक कंपनीची माणसं बघायला येणार आहेत," साहेब म्हणाले. "तोवर गावं भरलेली दिसली नाहीत तर तुझे दिनक्रम बंद. दारोदारी बाहुल्या उभ्या करू. उभ्या राहतील, मान हलवतील, दोन वाक्यं बोलतील. खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. मग तुला इथे काय काम द्यायचं, ते मात्र मला सुचत नाही."

आणि मीटिंग संपल्यावर दोषाची नोंद करायला सांगितलं कुणाला, तर मोजपट्टीला. माणसं दिसत नाहीत. दोष, दिनक्रम विभागाचा. बहिणीच्याच हातून भावाच्या डोक्यावर खापर फोडायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती अजून उतरली नव्हती.

ती उठली आणि दादाच्या कोपऱ्यात गेली.

"दादा, तुझी माणसं आहेत कुठे?"

"कामावर." त्याने मान वर केली नाही.

"कुठल्या कामावर? गावात चिटपाखरू नाही."

"बस." त्याने पायाने एक स्टूल तिच्याकडे ढकललं. त्याच्या टेबलावर एक जुना पडदा होता, कडेने पिवळा पडलेला. त्यावर एक सपाट करडा पट होता. घरं म्हणजे नुसते चौकोन, माणसं म्हणजे रंगीत ठिपके. हे त्याचं चाचणीचं मैदान. त्याने गेममधलं घड्याळ भरधाव सोडलं. ठिपके घरांतून बाहेर पडले, इकडून तिकडे गेले, परत आले, विझले. एक दिवस सहा सेकंदांत संपला.

"बघ. ही दळणवाली. आठला पोतं घेऊन निघाली, चक्कीवर गेली, दहाच्या आत घरी. हा चक्कीवाला. सहाला निघतो, बाराला चक्की बंद करतो, पाऊणच्या आत जेवायला घरात. मग बायकोशी भांडतो, मग झोपतो. चौदा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. तू तरी एवढ्या वेळेवर घरी येतेस का?"

"मी गावात जाऊन बघून आलेय."

"मग नीट बघितलं नसशील."

"मी?"

"हो, तू. नाहीतर मग जमिनीत काहीतरी घोळ असेल. जमीनदारीणबाईंना विचार. माझ्या माणसांना नावं ठेवू नकोस."

"मी नावं ठेवतेय? सकाळी भर मीटिंगमध्ये तुझी टर उडवली, तेव्हा तोंड उघडलं नाहीस. आणि माझ्यावर ओरडतोस?"

"मी ओरडत नाहीये," तो ओरडून म्हणाला.

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी कानांवर हेडफोन चढवले. या दोघांचा राग एकाच आजोळाहून आलेला आहे, असं तिची मावशी नेहमी म्हणायची, आणि म्हणताना ती स्वतःही चिडलेली असायची.

मोजपट्टी आपल्या जागेवर परत आली. दादाच्या पडद्यावर सगळं बरोबर आणि तिच्या पडद्यावर गाव रिकामं. दोन्ही खरं असेल तर मधे कुठेतरी काहीतरी हरवत होतं. तिने ठरवलं, एकच माणूस धरायचा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. घोडा नाही, पळणं नाही. चौथ्या भागात तर नायकाला उडणारा गरुड मिळाला होता, तोही नाही. तिने दळणवाली निवडली.

गेममधला एक तास म्हणजे खरं एक मिनिट. गेममध्ये सकाळचे आठ वाजले तेव्हा दळणवाली दारातून बाहेर आली. जाडजूड बाई, खांद्यावर पोतं, डाव्या पायावर जरा दाबून चालणारी. ती विहिरीपाशी वळली, शेवटचं घर मागे टाकलं आणि माळावर आली. मोजपट्टी तिच्यामागे पायी.

माळ मोठा होता. दोन मिनिटं झाली तरी माळच. तीन मिनिटं झाली, मग चार. दळणवाली अधूनमधून थांबून पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची आणि पुन्हा चालू लागायची. पाचव्या मिनिटाला, गेममधल्या दुपारी एकच्या सुमाराला, समोरून एक माणूस आला. कपडे पिठाने माखलेले. हा चक्कीवाला.

"आज गर्दी आहे का हो?" दळणवालीने विचारलं.

"रांग लागलीय. जा लवकर," चक्कीवाला म्हणाला आणि गावाच्या दिशेने निघून गेला.

मोजपट्टी जागच्या जागी थांबली. चक्कीवाला इथे काय करतोय? तिने त्याच्या चालण्याची नोंद मागे जाऊन तपासली आणि तिला उलगडा झाला. तो सहाला घरातून निघाला होता. बाराला चक्की बंद करून घरी यायचं, असं त्याच्या दिनक्रमात लिहिलं होतं. बारा वाजले तेव्हा तो अर्ध्या वाटेच्या थोडा पुढे होता. म्हणून तो तिथूनच मागे फिरला. न पाहिलेली चक्की बंद करून.

दळणवाली मात्र चालत राहिली. पावणेसातच्या आसपास, उन्हं उतरताना, ती टेकडीवरच्या पवनचक्कीपाशी पोचली. चक्कीला कुलूप होतं. 'चक्कीवाला येईपर्यंत थांब,' असं तिच्या दिनक्रमात होतं, म्हणून ती थांबली. अंधार पडला. वारा सुटला. पोतं खांद्यावर तसंच. रात्री बरोबर बारा वाजता, गेमच्या नियमानुसार, राज्यातल्या सगळ्या माणसांना उचलून आपापल्या अंथरुणात टाकलं गेलं. दळणवाली उभ्या जागी नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी आठला ती तेच पोतं घेऊन पुन्हा दारात आली.

मग मोजपट्टीने बाकीची माणसं काढली. गुराखी कुरणावर सूर्य मावळताना पोचत होता. शाळेतली मुलं शाळेत कधीच पोचत नव्हती, मास्तरही नाही. निरोप्याच्या पिशवीतले निरोप तसेच होते. आठ गावांतल्या चारशे बारा माणसांपैकी दुपारी बारा वाजता छपराखाली होता फक्त एक जण, आणि तो शेजारच्या गावातला, अंथरुणाला खिळलेला म्हातारा होता. बाकीचे चारशे अकरा वाटेवर.

गावं ओस नव्हती. सगळं गाव चालत होतं.

पुढचं गणित सोपं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. पहिल्या भागात हे राज्य एवढंसं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी अकरा मिनिटं. गावापासून चक्की चाळीस सेकंद. दुसऱ्या भागात राज्य लांबीरुंदीला दुप्पट झालं, जाहिरातीत 'चौपट मोठं' छापलं. चक्की ऐंशी सेकंदांवर गेली. तिसऱ्यात पुन्हा चौपट. चक्की दोन मिनिटं चाळीस सेकंद. आणि चौथ्यात साहेबांनी 'सोळापट' म्हणून टाकलं. लांबी चौपट, रुंदी चौपट. चक्की दहा मिनिटं चाळीस सेकंद. दर भागात नायकाला काहीतरी नवं मिळालं. आधी पळायला, मग घोडा, मग गरुड. त्यामुळे खेळणाऱ्याला काही जाणवलं नाही. दळणवालीला मात्र कुणी काही दिलं नव्हतं. तिचा दिवस तेवढाच होता आणि पाऊलही तेवढंच.

गेममध्ये खरा मीटर नसतो, हे मोजपट्टीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माळ शंभर मीटरचा की शंभर कोसांचा, हे नुसतं लिहिण्यावर असतं. खरं माप एकच: चालणारा किती वेळात पोचतो, आणि तोवर दिवस शिल्लक राहतो का.

ती तडक जमीनदारीणबाईंच्या खोलीत गेली. डोंगर, नद्या, माळ सगळं या बाईंच्या ताब्यात, म्हणून हे नाव. त्या खिडकीशी उभ्या राहून डोळ्यांत औषध घालत होत्या.

"चक्की इतकी लांब कुणी नेली?"

"कुणी नेली नाही. सगळीच जमीन ताणली." त्यांनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. "सोळापट हवं म्हणाले, तेही तीन महिन्यांत. नव्याने काढायला तीन वर्षं लागली असती. मग चारी कोपरे धरले आणि ताणलं. घरं ताणता येत नाहीत, दारं हत्तीएवढी झाली असती. म्हणून घरं तेवढीच ठेवली आणि मधे आणखी पेरली."

"दादाला सांगितलंत?"

"भर मीटिंगमध्ये सांगितलं. तो समोर बसला होता. होकारार्थी मान डोलावली त्याने."

संध्याकाळी घरी जेवताना तिने विषय काढला. ती दादा-वहिनींकडेच राहायची. वहिनी फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सैल करून घरी यायची आणि या दोघांना ताटावर आखडलेलं बघायची.

"तुला सांगितलं होतं, दादा. सोळापट होणार म्हणून."

"सोळापट ही जाहिरात असते. जाहिरात कोण खरी धरतं?"

"जमीनदारीणबाईंनी धरली. ताणून ठेवली. आणि तू अजून पहिल्या भागाच्या पटावर माणसं तपासतोयस. चक्की चाळीस सेकंदांवर ठेवून."

"तो पट बरोबर आहे."

"पट बरोबर आहे, राज्य चुकीचं आहे, असंच ना?"

"हो," दादा म्हणाला. "अगदी असंच."

"चौथ्या भागात तू स्वतः कधी गेलास? त्या गावात? एकदा तरी?"

दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ प्यायला.

"म्हणजे?" वहिनीने हातातला डाव खाली ठेवला. "हा जातच नाही?"

"मला तो घोडा चालवता येत नाही," दादा म्हणाला. "सारखा झाडावर आपटतो."

"चौदा वर्षं माझं डोकं खातोयस, माझी माणसं, माझी माणसं. आणि त्यांना भेटायला एकदाही गेला नाहीस? माझ्या आईकडे जायचं तर तुझं असंच असतं. तरी तिथे घोडा लागत नाही."

मोजपट्टीला हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. दादाने ताट पुढे सरकवलं. "ती माणसं मी लिहिलीत. ती कशी चालतात हे मला बघायला जावं लागत नाही. जमीन त्यांच्या पायांखालून ओढून घेतली, आणि वर मलाच विचारता, पडली का म्हणून?"

तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तिने सगळं साहेबांपुढे मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते दोनच मिनिटं विचारात पडले.

"सोपं आहे. पळव त्यांना. चौपट वेग दे."

"ती माणसं—" दादा म्हणाला.

"दे तर खरं. बघू."

दिला. मोठ्या पडद्यावर गाव आलं आणि दारं उघडली. दळणवाली बाहेर आली ती शिवणयंत्राच्या सुईसारखी; पाय दिसेनात, पोतं खांद्यावर थडथडतंय. एक म्हातारा काठी टेकत गेला, काठीचा नुसता खडखडाट ऐकू आला. तान्हं मूल कडेवर घेतलेली बाई पडद्याच्या या कडेकडून त्या कडेला सूं करून गेली. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसत सुटले. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बंद कर," दादा म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने पुढे होऊन स्वतःच पडदा बंद केला.

"त्या बाईच्या गुडघ्याला त्रास आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हसणं थांबलं. "पहिल्या भागापासून. म्हणून ती डावा पाय दाबून टाकते. मी तसं लिहिलंय. तिला पळवायचं असेल तर आधी तिला मारा, आणि दुसरी बाई आणा."

"हेच म्हणतोय मी," साहेब डोळे पुसत म्हणाले. "बाहुल्या. त्यांच्या गुडघ्यांना काही होत नाही."

पुन्हा हशा पिकला. या वेळी जरा कमी.

मोजपट्टीने दात आवळले. सकाळीच तिने जमीनदारीणबाईंशी बोलून ठेवलं होतं. "दुसरा उपाय आहे. जमीन आहे तशी राहू दे. सोळापट तर सोळापट. पण गावातल्या माणसाला रोज जिथे जावं लागतं त्या जागा गावाजवळ आणायच्या. चक्की, कुरण, शाळा. घरापासून दीड मिनिटाच्या आत. दिनक्रमाला हातही लावावा लागणार नाही."

"दीड दिवसात होईल," जमीनदारीणबाई म्हणाल्या. "मी करते. आज बसले की उद्या संध्याकाळपर्यंत."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "चक्की हलणार नाही. पोस्टर बघितलंय ना?"

पोस्टर सगळ्यांनी बघितलं होतं. ते ऑफिसच्या दारातच लावलं होतं, माणसापेक्षा उंच. अफाट माळ, मावळता सूर्य, आणि टेकडीवर एकटी पवनचक्की. आजूबाजूला काही म्हणजे काही नाही.

"पोस्टरसाठी?" मोजपट्टी म्हणाली. "पोस्टरवरच्या चक्कीत दळणार कोण?"

"पीठ कुणाला हवंय? लोकांना भव्यता हवीय."

"भव्य म्हणजे किती? मोजून सांगा."

"ते मोजायचं नसतं, बाई. ते जाणवतं."

"कुणाला जाणवतं? तुम्ही गरुडावरून उतरलात कधी? चौदा सेकंदांत तुम्ही त्या माळावरून जाता. ही माणसं दिवसभर चालतात आणि कुलूप बघून परत येतात. तुम्ही राज्य मोठं केलं नाहीत. दोन कामांच्या मधला वेळ मोठा केलात, त्यात गवत पेरलंत आणि त्याला भव्य म्हणताय. आणि कालपासून सगळ्यांसमोर माझ्या भावाला हसताय." ती साहेबांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "जाणवतं ना? मग जाणवून घ्या. आत्ता, इथे. दळणवालीच्या मागून चक्कीपर्यंत पायी चला. घोडा नाही, गरुड नाही, पळायचं नाही."

"दहा मिनिटं?" साहेब हसले. "मी या धंद्यात वीस वर्षं काढलीत. चाळीस-चाळीस तास एका जागेवर बसून खेळलोय."

"चक्कीपर्यंत पोचलात तर बाहुल्या उभ्या करा, मी स्वतः लावून देते. वाटेत सोडलंत तर चक्की गावात येणार आणि दिनक्रम राहणार. दादाही राहणार."

खोलीत वीसेक जण होते. चारचौघांत कुणी आव्हान दिलं आणि साहेबांनी ते घेतलं नाही, असं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "आण कंट्रोलर."

दादा तिच्या कानाशी आला. रागाने त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या माणसांवर पैज लावलीस? मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"घरी चल, मग बघतो तुला." पण तो गेला नाही. भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिला.

मोजपट्टीने पळण्याचं, घोड्याचं आणि गरुडाचं बटण बंद केलं. साहेबांनी न सांगताच फोन टेबलावर उलटा ठेवला. गेममध्ये आठ वाजले, दळणवाली दारात आली आणि तिच्यामागे साहेबांचा नायक चालू लागला. चिलखत घातलेला, पाठीवर दोन तलवारी, दळणाच्या पोत्यामागे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं.

पहिलं मिनिट साहेब बोलत होते. "बघा, काय प्रकाश पडलाय. हे लांबूनसुद्धा कळतं, ही आपली जमीन आहे." दुसऱ्या मिनिटात ते कुठलीशी धून गुणगुणायला लागले. दळणवाली पोतं बदलायला थांबली आणि नायक तिच्यावर आदळला.

"जा हो पुढे, मला घाई नाही," दळणवाली म्हणाली.

मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं. गुणगुणणं थांबलं.

तिसऱ्या मिनिटात साहेबांचा अंगठा पळण्याच्या बटणावर गेला. त्यांनी ते दाबलं, पुन्हा दाबलं. नायक चालतच राहिला.

"वळण कधी येतं इथे?"

"वळण नाही," जमीनदारीणबाई म्हणाल्या. "ताणताना सरळ झालं."

"आणि हा दगड मघाशीही होता ना?"

"तीन दगड आहेत. आलटून पालटून लावलेत."

साहेब खुर्चीत सरकून बसले, मग मागे रेलले. एकदा त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. दळणवाली पुन्हा थांबली, पोतं पुन्हा दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती अर्ध्या वाटेलाही पोचली नव्हती. साहेबांनी जोरात श्वास सोडला. मोजपट्टी घड्याळाकडे बघत होती. दादा पडद्याकडे बघत होता, डाव्या पायावर दाबून चालणाऱ्या बाईकडे, चष्मा कपाळावर चढवून, अगदी पुढे वाकून. समोर, माळाच्या दुसऱ्या टोकाकडून, पिठाने माखलेल्या कपड्यांतला एक माणूस येताना दिसायला लागला होता.

साहेबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. घड्याळात चार मिनिटं सदतीस सेकंद झाले होते. चक्की अजून सहा मिनिटं तीन सेकंद लांब होती.